मुंबई उपनगरांतील निसर्गभ्रमण

मुंबई उपनगरांतील निसर्गभ्रमण म्हणजे साष्टी बेटावरील जंगल, तलाव, खाडी आणि समुद्रकिनारा जाणकारांच्या सोबतीने पायी अथवा बोटीतून पाहण्याचे उपक्रम होत. वांद्र्यापासून दहिसरपर्यंतची आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतची उपनगरे याच बेटावर वसली आहेत. भराव, पूल आणि लोहमार्ग यांमुळे आपण बेटावर राहतो याचा येथील रहिवाशांना सहसा विसर पडतो. ‘साष्टी’ हे नाव बेटावरील सहासष्ट गावांवरून पडल्याचे मानले जाते. मढ, मनोरी आणि गोराई येथील रिसॉर्टमध्ये उतरणारे पाहुणे समुद्रासाठी येतात. परंतु त्यांच्यापासून काही किलोमीटरांवर बिबट्याचे रान आणि रोहित पक्ष्यांची खाडी आहे.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान

बेटाच्या मध्यभागी, पश्चिमेकडील बोरिवली, मालाड, गोरेगाव आणि पूर्वेकडील मुलुंड, भांडुप यांच्या दरम्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे हे उद्यान पसरले आहे. पूर्वी ते कृष्णगिरी व बोरिवली राष्ट्रीय उद्यान या नावांनी ओळखले जाई. कृष्णगिरी या नावाचेच ‘कान्हेरी’ हे रूप असून कान्हेरीच्या टेकडीवर बेसाल्ट खडकात शंभराहून अधिक बौद्ध लेणी कोरलेली आहेत. लेण्यांच्या दाराशी खोदलेली पाण्याची टाकी मुद्दाम पाहण्यासारखी आहेत. डोंगरावर पडणारे पाणी अडवून वर्षभर पुरवण्याची ती योजना होती. पुढे ब्रिटिश काळात विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधले गेले. त्यांच्या पाणलोट क्षेत्राला मिळालेल्या संरक्षणामुळे आसपासचे जंगल बऱ्याच अंशी टिकून राहिले.

उद्यानात येणारे बहुसंख्य लोक प्रवेशद्वाराजवळची बाग आणि वाघ-सिंहांची सफारी पाहून परततात. सफारीतील वाघ-सिंह कुंपणात ठेवलेले असतात, ते या रानातले नव्हेत. खरे रान शिलोंढ्यासारख्या पायवाटांवर भेटते. अशा वाटांवर वन विभागाच्या परवानगीशिवाय व मार्गदर्शकाशिवाय जाता येत नाही.

सोबतीला मार्गदर्शक असण्याचे कारण केवळ सुरक्षितता नव्हे. नवख्या माणसाला जंगल म्हणजे हिरवा पडदा वाटतो. झाडाच्या खोडावरील ओरखडे, ओल्या मातीतील भेकराचे खूर, वानरांची एकाएकी उठलेली धोक्याची हाक या खुणा कोणीतरी वाचून दाखवाव्या लागतात. चितळ, सांबर, भेकर, रानडुक्कर, वानर हे प्राणी येथे आहेत. पक्ष्यांच्या अडीचशेहून अधिक आणि फुलपाखरांच्या दीडशेहून अधिक जातींची नोंद झालेली आहे.

काय दिसेल हे ऋतूवर अवलंबून असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पळस आणि पांगारा फुलले की मधासाठी पक्ष्यांची झुंबड उडते आणि पानगळीमुळे ते स्पष्ट दिसतात. पावसाच्या तोंडावर रंगीबेरंगी नवरंग पक्षी येतो. तो दिसण्याआधी त्याची शीळ ऐकू येते. पावसाळ्यात ओढे अचानक फुगतात, त्यामुळे पाण्यात उतरण्यास मनाई असते आणि ती पाळावीच. पाऊस ओसरला की फुलपाखरांचे दिवस येतात. ओलसर मातीवर नर फुलपाखरे थव्याने बसून क्षार शोषतात. याला चिखलपान म्हणतात. २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेले ब्लू मॉरमॉन येथे आढळते.

या रानाचे सर्वांत आगळे दर्शन आठ वर्षांतून एकदा घडते. कारवीचे झुडूप सात वर्षे नुसते वाढते, आठव्या वर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धात एकदम जांभळे-निळे फुलते, बी धरते आणि मरते. मुंबई परिसरात कारवीचा असा बहर २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये आला. त्या हिशेबाने पुढचा २०३२ मध्ये अपेक्षित आहे. म्हणजे पहिलीत असताना कारवी पाहिलेले मूल पुन्हा ती पाहील तेव्हा नववीत असेल. कारवीच्या काटक्या उभ्या करून त्यांवर शेणमातीचा गिलावा दिला की कूड तयार होतो. आदिवासी पाड्यांतील घरांच्या भिंती अशाच असत.

बिबट्या आणि पाहुणा

निसर्गभ्रमणाला येणारा जवळजवळ प्रत्येक जण बिबट्याविषयी विचारतो. २०१५ मध्ये कॅमेरा सापळ्यांच्या साहाय्याने झालेल्या अभ्यासात उद्यान व लगतच्या भागात ३५ बिबटे नोंदवले गेले. दिवसा वाटेवर तो दिसण्याची शक्यता फारच कमी असते, कारण माणसाला टाळणे हाच त्याचा स्वभाव आहे.

तरीही हे सहजीवन नेहमीच शांततेचे नव्हते. २००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या सीमेवर हल्ले वाढले आणि अनेक माणसे, त्यांतही लहान मुले, बळी पडली. दिसलेला बिबट्या पकडून दुसरीकडे सोडणे हा त्या वेळचा रूढ उपाय होता. जुन्नर परिसरातील अभ्यासातून मात्र उलटच निष्कर्ष निघाला: आपल्या क्षेत्रातून उचलून अनोळखी रानात सोडलेल्या बिबट्यांमुळे तेथील संघर्ष वाढतो. २०११ मध्ये वन विभाग, अभ्यासक आणि नागरिक यांनी एकत्र येऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला आणि वस्त्यांमध्ये जनजागृतीवर भर दिला. उघड्यावरचा कचरा भटक्या कुत्र्यांना आणि कुत्री बिबट्याला ओढून आणतात, हे त्यातले मुख्य सूत्र. सहलीला आलेल्याने टाकलेले उरलेले अन्न याच साखळीची पहिली कडी ठरते. डबा परत नेण्याचा नियम म्हणून केवळ स्वच्छतेपुरता नाही.

आरे आणि उद्यानातील वारली पाड्यांनी हा शेजार फार पूर्वीच मान्य केला आहे. त्यांच्या वाघोबाच्या पूजेत वाघ आणि बिबट्या असा भेद केला जात नाही. पाड्यांतून जाणाऱ्या पाहुण्यांनी घरांची व माणसांची छायाचित्रे विचारल्याखेरीज काढू नयेत. ते प्रेक्षणीय स्थळ नसून लोकांचे राहते अंगण आहे.

गोरेगाव येथील केंद्र

१८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संवर्धन शिक्षण केंद्र गोरेगावच्या चित्रनगरीलगत ३३ एकर वनजमिनीवर आहे. लहान मुलांसह येणाऱ्यांना आणि शाळांच्या सहलींना मोठ्या पायवाटांपेक्षा येथील छोट्या फेऱ्या अधिक सोयीच्या ठरतात.

ठाणे खाडी

मुलुंड, भांडुप व घाटकोपरच्या पूर्वेला ठाणे खाडी आहे. तिचा सुमारे १७ चौरस किलोमीटरांचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. हिवाळ्याच्या सुरुवातीपासून पावसाळ्यापर्यंत येथे मोठा व छोटा रोहित असे दोन्ही पक्षी असतात. काही वर्षी त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली आहे. रोहित चोच उलटी धरून चिखलपाणी गाळतो. त्याचा गुलाबी रंग अन्नातील रंगद्रव्यांमुळे येतो, म्हणून पिल्ले करडी दिसतात.

पलीकडच्या ऐरोली येथील वन विभागाच्या केंद्रातून बोटीची फेरी निघते. तिची वेळ घड्याळावर नव्हे, भरतीवर ठरते. पूर्ण ओहोटीला बोट चिखलात अडकते. पूर्ण भरतीला चिखलण बुडते आणि पक्षी विसाव्याच्या जागी उडून जातात. या दोहोंच्या मधला काळ उत्तम.

समुद्रकिनारा

किनाऱ्यावर मात्र ओहोटीच हवी. पाणी मागे हटले की खडकांतील डबक्यांत शंखवासी खेकडे, समुद्रफुले, क्वचित ऑक्टोपसही दिसतो. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाच्या स्वयंसेवकांनी अशा किनाराफेऱ्या लोकप्रिय केल्या. दगड उलटल्यास तो पूर्ववत ठेवावा, अन्यथा त्याखालचे जीव उन्हाने मरतात. पावसाळी वाऱ्यांबरोबर जुहूच्या वाळूवर निळ्या फुग्यासारखे ब्लू बॉटल वाहून येतात. ते मेलेले असले तरी त्यांचा दंश होऊ शकतो. उथळ पाण्यात वाळूखाली पाकट दडलेले असते, म्हणून तेथे पाय उचलून न टाकता वाळूवरून सरकवत चालावे.