'किंगडम' : खरे किती, रचलेले किती?



यासुहिसा हारा यांची 'किंगडम' ही जपानी चित्रकथा २००६ पासून प्रसिद्ध होत आहे. दिग्दर्शक शिन्सुके सातो यांनी तिच्यावर २०१९, २०२२, २०२३ आणि २०२४ साली चित्रपट काढले. कथा मात्र प्राचीन चीनची आहे. तेथे सात राज्ये आपसांत लढत होती. छिनच्या राजाने इ.स.पू. २२१ मध्ये ती एका छत्राखाली आणली. हा झाला इतिहास.

नायक शिन हा ली शिन या खऱ्या सेनापतीवरून घेतला आहे. परंतु त्याचे दास म्हणून गेलेले बालपण लेखकाने कल्पिलेले आहे. चू राज्यावरील स्वारीत ली शिन हरला, ही नोंद मात्र इतिहासकार सिमा छ्येन यांची आहे.

चित्रपट आवडीने पाहा. नंतर पुस्तक उघडून ताडूनही पाहा. पालकांनीही मुलांसोबत बसावे.

— मुख्याध्यापक