उकळलं की झालं का शुद्ध?

मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण हे शब्द मुलं परीक्षेपुरते पाठ करतात. आज आम्ही ते थेट पाण्याच्या हंड्यापाशी आणले आहेत.

हंडा तांब्याचा असेल, तर तांबं हे मूलद्रव्य. तुकडे करा, वितळवा, तांब्याशिवाय त्यातून दुसरं काही निघणार नाही. पितळ मात्र तांबं आणि जस्त यांचं मिश्रण.

आता आतलं पाणी. हायड्रोजन वायू पेट घेतो, ऑक्सिजन जाळाला जोर देतो, आणि दोघे जोडले गेले की त्याच पाण्याने आपण चूल विझवतो! हे संयुग. घटकांचे मूळ स्वभाव त्यात उरत नाहीत आणि प्रमाणही ठरलेलं: 9 ग्रॅम पाण्यात सुमारे 1 ग्रॅम हायड्रोजन, 8 ग्रॅम ऑक्सिजन. उकळून ही जोडी तुटत नाही. वाफ म्हणजेही पाणीच.

पण हंड्यात नुसतं पाणी कुठे असतं? ते मिश्रण असतं, आणि त्यात काय किती, याला नेम नाही. गाळ फडक्यात अडकतो, बारीक गाळ तुरटी फिरवली की खाली बसतो, जंतू उकळल्याने मरतात. विरघळलेलं मात्र फडक्याला सापडत नाही. मिठाचं पाणी गाळून बघा, खारटच लागेल. उकळत ठेवलं तर पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणजे खारटपणा उलट वाढतो.

फ्लोराइडचं असंच आहे. फ्लोरिन हे मूलद्रव्य. त्याची संयुगं खडकात असतात आणि बोअरच्या पाण्यात उतरतात. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत हा त्रास आहे. रंग नाही, वास नाही. भारतीय मानकाप्रमाणे 1 लिटर पाण्यात फ्लोराइड 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरी सोयच नसेल तर 1.5. वर्षानुवर्षं जास्त पोटात गेलं तर मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, पुढे हाडं-सांधे आखडतात. ते पट्टे घासून जात नाहीत. दात घासत नाही म्हणून पोराला उगाच बोलणी बसतात.

म्हणून ग्रामपंचायतीत विचारताना ‘पाणी तपासलं का’ एवढंच विचारू नका. जंतूंची तपासणी वेगळी, रासायनिक वेगळी; दोन्हींचे अहवाल मागा. फ्लोराइड जास्त निघालं, तर पिण्याला आणि स्वयंपाकाला तपासून चांगल्या ठरलेल्या विहिरीचं पाणी आणा. धुण्याभांड्याला बोअरचं चालेल.