अणू, रेणू आणि मोल : शास्त्रीय मराठीतील मोजणीची भाषा



मराठीच्या पदवी अभ्यासक्रमात रसायनशास्त्र कशासाठी, असा प्रश्न हे शीर्षक वाचून तुमच्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल. शास्त्रीय मजकुराचे भाषांतर, संपादन आणि मुद्रितशोधन ही मराठीच्या पदवीधरांकडे येणारी कामे आहेत. अशा मजकुरात एखादी संज्ञा चुकली, तर केवळ वाक्य बिघडते असे नाही. कधी कधी उत्तर निम्मे येते. ते कसे, हे या घटकात 'मोल' या एका संकल्पनेच्या आधारे पाहावयाचे आहे. शाळा सोडल्यानंतर ज्यांचा विज्ञानाशी संबंध उरलेला नाही, त्यांनी बिचकू नये. गुणाकार-भागाकारापलीकडचे गणित येथे लागणार नाही.

मोजणीचे शब्द आणि तोलण्याचे शब्द

मराठीत परिमाण सांगणारे शब्द प्रामुख्याने दोन जातींचे आहेत. जोडी, डझन, कोडी, शेकडा हे नग मोजण्याचे शब्द. डझन म्हणजे बारा, कोडी म्हणजे वीस. मग ती केळी असोत की पानाचे विडे. शेर, तोळा, किलो हे तोलण्याचे शब्द. त्यांत नग किती हे सांगितलेले नसते. 'एक डझन आंबे' आणि 'एक किलो आंबे' या दोन्ही पदबंधांची बाह्य रचना सारखी असली, तरी पहिल्यात संख्या आहे आणि दुसऱ्यात वजन.

मोल हा यांपैकी पहिल्या जातीचा शब्द आहे. डझन म्हणजे बारा नग, तसे मोल म्हणजे ६०२२१४०७६ या अंकांपुढे पंधरा शून्ये दिली असता होणारी संख्या, इतके कण. संख्या प्रचंड आहे, शब्दाचे काम मात्र डझनाचेच आहे. प्रयोगशाळेत मोल बहुधा तोलूनच मोजतात, म्हणून विद्यार्थी त्याला वजनाचे माप समजतात. या विषयातील बहुतेक गोंधळ येथूनच सुरू होतो.

(मूल्य या अर्थाचे आपले 'मोल', म्हणजे मोलमजुरी, कवडीमोल, अनमोल यांतले, संस्कृत 'मूल्य' शब्दापासून आलेले आहे. रसायनशास्त्रातला 'मोल' जर्मनमधून इंग्रजीद्वारे आला. उच्चार एक, व्युत्पत्ती भिन्न. अनेकार्थी शब्द आणि समरूप शब्द यांतील भेद सांगताना हे उदाहरण परीक्षेत उपयोगी पडेल.)

तोलून मोजणे

अणू इतके लहान की ते एकेक करून मोजणे शक्य नाही. मग मोजावयाचे कसे? समजा, एका लिंबाचे वजन ५० ग्रॅम आहे आणि एका नारळाचे ८०० ग्रॅम. म्हणजे नारळ लिंबाच्या सोळा पट जड. सर्व लिंबे एकसारखी आणि सर्व नारळ एकसारखे आहेत असे धरू. एक डझन लिंबे ६०० ग्रॅम भरतील आणि एक डझन नारळ ९,६०० ग्रॅम. गुणोत्तर पुन्हा एकास सोळा. शंभर घ्या, लाख घ्या. दोहोंकडे नग सारखे असतील तोवर गुणोत्तर बदलणार नाही. आता हेच उलट करू. डोळे मिटून कोणी एका पोत्यात लिंबे आणि दुसऱ्यात नारळ भरले आणि दुसरे पोते पहिल्याच्या बरोबर सोळा पट भरले, तर न मोजता सांगता येईल की दोन्हींत नग सारखे आहेत.

ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या अणूच्या सुमारे सोळा पट जड असतो. म्हणून १ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन यांत अणूंची संख्या जवळजवळ सारखी असते. कार्बनच्या अणूचे सापेक्ष वस्तुमान १२, म्हणून १२ ग्रॅम कार्बनमध्येही तितकेच अणू. या समान संख्येला नाव दिले, तेच मोल.

अणुवस्तुमान आणि मोलर वस्तुमान यांचे आकडे सारखे का असतात, याचे उत्तरही यातच आहे. 'कार्बनचे अणुवस्तुमान १२' हे एका अणूविषयीचे, तुलनेने केलेले विधान आहे. 'कार्बनचे मोलर वस्तुमान १२ ग्रॅम' हे एक मोल अणूंच्या ढिगाविषयीचे विधान आहे. आकडा जुळावा अशाच रीतीने मोलची संख्या ठरविली गेली. आकडा एक असला तरी उद्देश्य वेगळे आहे, हे वाचताना सोडू नये. रेणूच्या बाबतीत घटक अणूंच्या आकड्यांची बेरीज करावयाची. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक, म्हणून २ आणि १६ मिळून १८. अठरा ग्रॅम पाणी म्हणजे चहाचे साधारण साडेतीन चमचे. तेवढ्यात पाण्याचे एक मोल रेणू असतात.

या संख्येची कल्पना यावी म्हणून आपल्या जुन्या अंकस्थानांकडे जाऊ. एकं, दहं, शतं पासून निघालेली आपली परंपरागत गणती अठराव्या स्थानी परार्धाशी थांबते. मोल म्हणजे असे सुमारे साठ लाख परार्ध. तांदळाच्या एका ग्रॅममध्ये पन्नास दाणे धरले आणि जगात वर्षाला सुमारे पन्नास कोटी टन तांदूळ होतो असे मानले, तर एक मोल दाणे पिकविण्यास दोन कोटींहून अधिक वर्षे लागतील.

शब्दाचा अर्थ कसा सरकला

'मोल' ही संज्ञा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात विल्हेल्म ओस्टवाल्ड या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने रूढ केली. 'रेणू' या अर्थाच्या जर्मन शब्दाचे ते संक्षिप्त रूप होय. गंमत अशी की त्या काळी ओस्टवाल्ड अणूंचे अस्तित्वच मानण्यास तयार नव्हते. ते त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस मान्य केले. त्यांच्या लेखी मोल म्हणजे रेणुभाराइतके ग्रॅम, निव्वळ वजन. पुढे अणूंविषयीची शंका मिटली, तसा शब्द वजनाकडून संख्येकडे सरकला. १९७१ साली मोल आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीतील मूलभूत एकक झाला, तेव्हाही त्याची व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ मधील अणूंच्या आधारे, म्हणजे वजनाचा टेकू घेऊन, केलेली होती. २० मे २०१९ पासून तो टेकूही काढण्यात आला. आता व्याख्येत वर दिलेली संख्या थेट सांगितली जाते. अर्थपरिवर्तनाचे इतके स्पष्ट, तारखेनिशी दाखविता येणारे उदाहरण क्वचितच मिळते.

'कशाचे?' हा प्रश्न

'एक डझन पाणी' असे कोणी म्हणत नाही. पाणी हे द्रव्यवाचक नाम आहे. त्याला नग नाहीत, म्हणून मोजणीचा शब्द त्यापुढे बसत नाही. तरीही रसायनशास्त्रात 'एक मोल पाणी' हा पदबंध निर्दोष ठरतो, कारण तेथे 'रेणू' हे पद अध्याहृत असते. पाण्याच्या बाबतीत हे अध्याहृत पद उघड आहे. पण 'एक मोल ऑक्सिजन' म्हणताच प्रश्न उभा राहतो : अणू की रेणू? हवेतील ऑक्सिजनच्या एका रेणूत दोन अणू असतात. एक मोल अणू म्हणजे १६ ग्रॅम, एक मोल रेणू म्हणजे ३२ ग्रॅम. म्हणून कणाचे नाव स्पष्ट लिहावे. संपादकाने असे वाक्य मूळ लेखकाकडे परत पाठविले, तर ते काटेकोरपणाचे नव्हे, कर्तव्याचेच लक्षण मानावे.

समीकरणाचे वाचन

रासायनिक अभिक्रियेत कोणत्या पदार्थाचे किती प्रमाण लागते आणि किती पदार्थ तयार होतो, याच्या हिशेबाला स्टॉइकिओमेट्री म्हणतात. ही संज्ञा येरेमियास रिश्टर यांनी १७९२ साली घडविली. तिच्यातील पूर्वपद 'स्टॉइखेइऑन' या ग्रीक शब्दाचे आहे. त्याचा अर्थ मूलद्रव्य. आणि त्याचाच दुसरा अर्थ वर्णमालेतील वर्ण. वर्णांचे शब्द होतात, मूलद्रव्यांची संयुगे होतात. भाषेच्या अभ्यासकाने या शास्त्रापुढे परके वाटून घेण्याचे कारण नाही.

पाण्याचे समीकरण शब्दांत असे वाचता येईल : हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू यांपासून पाण्याचे दोन रेणू होतात. येथील 'दोन' आणि 'एक' ही संख्याविशेषणे रेणूंची आहेत, ग्रॅमांची नाहीत. '२ ग्रॅम हायड्रोजनला १ ग्रॅम ऑक्सिजन' असा अर्थ लावणे ही सर्वांत नेहमीची चूक. रेणूंऐवजी मोल ठेवून पाहा : हायड्रोजनचे दोन मोल रेणू म्हणजे ४ ग्रॅम, ऑक्सिजनचे एक मोल रेणू म्हणजे ३२ ग्रॅम, पाण्याचे दोन मोल रेणू म्हणजे ३६ ग्रॅम. तीन मोल आत गेले आणि दोनच बाहेर आले, पण ग्रॅम ३६ चे ३६ राहिले. ४ ग्रॅम हायड्रोजनला ६४ ग्रॅम ऑक्सिजन दिला तरी पाणी ३६ ग्रॅमच होईल. ३२ ग्रॅम ऑक्सिजन तसाच उरेल.

व्यवहारातले उदाहरण चुन्याच्या भट्टीचे घेऊ. चुनखडी भाजली की कळीचा चुना मिळतो आणि कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो. चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेट : कॅल्शिअमचा एक अणू (४०), कार्बनचा एक (१२) आणि ऑक्सिजनचे तीन (४८), एकूण १००. कळीच्या चुन्यात कॅल्शिअमचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक, म्हणजे ५६. उरलेले ४४ वायूचे. तेव्हा १०० किलो शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली, तर हाती ५६ किलोच चुना येतो. हा तोटा कोणी केलेला नसतो; तो समीकरणातच लिहिलेला असतो. एक किलो चुना हवा असेल, तर १०० ला ५६ ने भागून सुमारे १.७९ किलो चुनखडी घ्यावी लागेल.

शब्दांच्या गोंधळाची पन्नास वर्षे

अणू आणि रेणू यांत गल्लत झाली की काय होते, याचा अनुभव युरोपने घेतलेला आहे. जॉन डाल्टन यांनी १८०८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पाण्याच्या कणात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एकच अणू मानला. संयुगाच्या कणालाही ते अणूच म्हणत, 'संयुक्त अणू'. हायड्रोजन १ धरून त्यांनी ऑक्सिजनला ७ हा आकडा दिला. पुढे मोजमाप अचूक झाले, तरी पाण्याची घडण एकास एकच मानणाऱ्यांना ८ मिळे आणि दोनास एक मानणाऱ्यांना १६. १८११ मध्ये आमेडेओ ॲव्होगॅड्रो यांनी सुचविले की समान तापमान व दाब असताना वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते आणि ऑक्सिजनसारख्या मूलद्रव्याचा रेणूही दुभंगू शकतो. पण लिहिताना त्यांनी 'अणू' हा शब्द न वापरता दोन्ही कणांना 'रेणू'च म्हटले आणि भेद विशेषणांवर सोपविला. त्यांच्या कल्पनेकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले, त्याची कारणे अनेक आहेत. परंतु ही परिभाषा वाचकाला साहाय्य करणारी नव्हती, हे मान्य करावे लागेल.

सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे रसायनशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिच्यापुढचा मुख्य प्रश्न परिभाषेचा होता : अणू कशाला म्हणावे, रेणू कशाला म्हणावे? तेथे स्तानिस्लाओ कानिझ्झारो यांची १८५८ सालची पुस्तिका वाटण्यात आली. ॲव्होगॅड्रोंच्या विचाराने दोन्ही संज्ञा वेगळ्या केल्या, तर सर्व आकडे एकमेकांशी जुळतात, हे तीत दाखविले होते. परिषदेला तरुण मेंडेलीव्ह उपस्थित होते. आवर्तसारणी आली १८६९ मध्ये. तिला खात्रीचे अणुभार हवे होते.

हिंदीचा 'अणु' आणि मराठीचा 'अणू'

आता आपल्या घरातील प्रश्न. मराठीत पदार्थाच्या मूलकणाला अणू आणि अणूंच्या समूहाला रेणू म्हणतात. हिंदीत, तसेच गुजराती व बंगालीत, मूलकणाला 'परमाणु' म्हणतात आणि समूहाला 'अणु'. म्हणजे हिंदीचा 'अणु' हा मराठीचा 'रेणू' होय. दोन्ही परंपरांचे शब्द संस्कृतातलेच आहेत. अविभाज्य अशा 'परमाणु'ची कल्पना वैशेषिक दर्शनात आहे, तर 'रेणु' म्हणजे धूलिकण. हिंदीची निवड दर्शनाच्या अधिक जवळची, मराठीची अधिक आटोपशीर. दोहोंपैकी कोणतीही चूक नाही. धोका आहे तो सरमिसळीत.

सुटा शब्द असताना लेखन सावध करते : हिंदीत 'अणु' ऱ्हस्व, मराठीत 'अणू' दीर्घ. समासात मात्र मराठीतही उकार ऱ्हस्व होतो. त्यामुळे 'अणुभार' हा शब्द दोन्ही भाषांत एकाच रूपात छापला जातो. मराठीत तो अणूचा भार आणि हिंदीत रेणूचा. हिंदी पुस्तकातील 'ऑक्सीजन का अणुभार 32' हे वाक्य 'ऑक्सिजनचा अणुभार ३२' असे उतरविले, तर व्याकरण अचूक राहील आणि विधान खोटे होईल. तसेच 'एक मोल अणु' याचे 'एक मोल अणू' केले, तर वाचणारा ३२ ग्रॅमऐवजी १६ ग्रॅम ऑक्सिजन घेईल. तेवढ्याने ४ ग्रॅम हायड्रोजनपैकी २ ग्रॅम शिल्लक राहील आणि पाणी ३६ ऐवजी १८ ग्रॅम होईल. मुद्रितशोधकाला यात एकही अशुद्ध शब्द सापडणार नाही.

जुन्या मराठी ग्रंथांत 'अणुभार' आणि 'रेणुभार', तर अलीकडच्या शालेय पुस्तकांत 'अणुवस्तुमान' आणि 'रेणुवस्तुमान' अशी रूपे दिसतात. भार आणि वस्तुमान या भौतिकशास्त्रात भिन्न राशी असल्याने नवी रूपे अधिक नेमकी आहेत. त्यांचा एक लाभ असा की हिंदीतून आलेला 'अणुभार' त्यांच्यामध्ये लगेच उठून दिसतो.

स्वाध्याय

पुढील हिंदी वाक्याचा मराठी अनुवाद करा आणि तो बरोबर असल्याचे आकडेमोड करून दाखवा :

'32 ग्राम ऑक्सीजन में एक मोल अणु और दो मोल परमाणु होते हैं।'