मत्स्यटाकीतला खडक उकळू नका

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीसाठी खडक निवडताना बहुतेकांचे लक्ष त्याच्या आकाराकडे जाते. खरे तर पाहायला हवी ती सच्छिद्रता. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया साठतो. खडकावरचे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. आतल्या, प्राणवायू कमी असलेल्या छिद्रांतले जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. म्हणून आकारमानाच्या मानाने हलका, कॅल्शियम कार्बोनेटचा खडक उत्तम. त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकले की फेस येतो. सह्याद्रीचा काळा पाषाण या परीक्षेत नापास होतो! गंजाचे डाग किंवा धातूची चमक असलेला दगड तर नकोच. तांब्याचा अंशही प्रवाळांना आणि कोळंब्यांना मारक ठरतो.

समुद्रातून जिवाणूंसकट आणलेल्या खडकाला शौकीन 'लाइव्ह रॉक' म्हणतात. त्याने टाकी लवकर स्थिरावते. पण त्याच्यासोबत बिनबुलाए पाहुणेही येतात. बटणांसारखे दिसणारे झोअँथिड त्यांतलेच. पॅलिथोआ गटातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असते. ते १९७१ मध्ये हवाई बेटांवर शास्त्रज्ञांनी वेगळे केले. आपल्या पेशींच्या आवरणात सोडियम बाहेर व पोटॅशियम आत नेणारे पंप असतात. हे विष त्या पंपाचे सताड उघडे दार करून टाकते. स्नायू, हृदय, सगळ्यांनाच त्याचा फटका बसतो. त्यावर उतारा नाही. लक्षणांवर उपचार करत राहायचे, एवढेच हाती उरते.

नको असलेले जीव मारायला काही जण खडक सरळ उकळत्या पाण्यात टाकतात. घात होतो तो इथेच. उकळल्याने हे विष नष्ट होत नाही, उलट वाफेबरोबर ते घरभर पसरते. ब्रशने कोरडे घासणेही तितकेच वाईट. २०१८ मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये टाकीतले प्रवाळ साफ करताना विष पसरले, आणि घरच्यांबरोबर मदतीला आलेल्या अग्निशमन जवानांनाही रुग्णालयात न्यावे लागले.

नवशिक्यांनी सुका खडकच घ्यावा. जिवाणू रुजायला काही आठवडे जास्त लागतील, लागू द्यावेत. शिवाय प्रवाळांना आपल्याकडे वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. मालवणच्या किनाऱ्यावरून तुकडा उचलून आणणे गुन्हा ठरू शकतो.

टाकी साफ केल्यावर काही तासांत ताप, खोकला, धाप, तोंडाला कडवट धातूसारखी चव किंवा डोळ्यांची आग सुरू झाली, तर सर्वांनी घराबाहेर मोकळ्या हवेत यावे, डोळे भरपूर पाण्याने धुवावेत आणि रुग्णालय गाठावे. ही लक्षणे फ्लूसारखीच दिसतात. तेव्हा घरात खाऱ्या पाण्याची टाकी आहे, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. ते बहुधा विचारणार नाहीत.