कोंबडीने गमावलेला राखणदार

धरमतरच्या खाडीला उधाण आलं की आमच्याकडे नजर आधी बांधाकडे जाते. खांड कुठे गेली हे ज्याला पहिल्यांदा दिसतं, त्याचं शेत वाचतं. विषाणू शिरतो तेव्हा पेशीचंही असंच असतं, हे मी निवृत्तीपर्यंत वर्गात सांगत राहिलो. आमच्यातल्या प्रतिपिंडवाल्यांना ते पटलं नाही. प्रतिपिंडं म्हणजे पाणी भातात शिरल्यावर पंचनाम्याला येणारी मंडळी. कामाची खरी, पण यायला आठवडा लावणारी.

इतिहास उरकून घेतो. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांना कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर काम करताना इंटरफेरॉन, म्हणजे विषाणू आल्याची पेशीने दिलेली हाकाटी, सापडलं. त्याला जागं कोण करतं, हे कळायला पुढे जवळजवळ अर्धं शतक गेलं. टोल, फळमाशी, २०११ चं नोबेल यावर पुष्कळ छापून आलंय. सीगॅस आणि स्टिंग डीएनएचा माग काढतात, तेही सोडतो. माझा जीव अडकला तो जपानच्या फुजिता यांच्या गटाने २००४ मध्ये पुढे आणलेल्या रिग-आयमध्ये.

हे प्रथिन एरवी हात पोटाशी घेऊन मुटकुळं करून पेशीद्रवात पडलेलं असतं. आपला संदेशवाहक आरएनए केंद्रकातून निघतो तो डोक्यावर टोपी घालून. फ्लूसारख्या विषाणूचा मूळ आरएनए येतो बोडका, टोकाला तीन फॉस्फेट उघडे. ते टोक हाती लागलं की रिग-आय उलगडतो, त्याचे दोन हात मोकळे होतात आणि मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या आवरणात रोवलेल्या मॅव्हसला जाऊन भिडतात. मॅव्हसचे रेणू एकाला एक चिकटत जातात, त्यांच्या दोऱ्या वळल्या जातात, आणि इंटरफेरॉनचा जनुक जागा होतो. हाकाटी ऐकून शेजारच्या पेशी दाराला कडी घालतात. (हा मॅव्हस २००५ मध्ये चार गटांना एकाच वर्षी सापडला आणि चौघांनी चार नावं ठेवली. शास्त्रज्ञांच्या घरची बारशी ही अशी.) फ्लूचा विषाणू मात्र भलता बेरकी. आपल्याच आरएनएच्या टोप्या कापून तो स्वतःच्या संदेशांना घालतो, वर एनएस-१ नावाच्या प्रथिनाने रिग-आयचं तोंड दाबतो.

फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरला आला, लाखो कोंबड्या मारल्या गेल्या, आणि मला आठवली आई. आमच्याकडे गावठी कोंबड्या आणि चार बदकं असत. मानमोडीची साथ आली की सकाळी खुराड्यात कोंबड्या माना मुरगळून पडलेल्या, आणि बदकं खाजणात खुशाल चिखल चिवडतायत. "बदकाला आतून कळतंय," आई म्हणायची. आम्ही शिकलेले, हसायचो.

२०१० मध्ये कॅनडातल्या कॅथरीन मॅगॉर यांच्या गटाने दाखवून दिलं, की बदकाकडे रिग-आय आहे, कोंबडीकडे नाही. बदकाचा जनुक कोंबडीच्या पेशींत घातला, तर तिथे फ्लूचा विषाणू कमी वाढला. मानमोडीचा विषाणूही आरएनएचाच. आमच्या बदकांचं सगळं गुपित एवढ्यातच होतं असं मी म्हणणार नाही, पण आईची माफी मात्र मनातल्या मनात मागितली. आणि गंमत बघा, ज्या पक्ष्याच्या अंड्यात इंटरफेरॉन सापडलं, त्याच्याच घरी हा राखणदार नाही. बिचारी कोंबडी एमडीए-५ नावाच्या दुसऱ्या राखणदारावर भागवते.

एका परिसंवादात हे सांगत होतो, तर अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली: "बदकं पुरे." पुढे कोरोनात गल्लोगल्ली प्रतिपिंडं मोजली गेली, इंटरफेरॉनचं नाव कुणी काढलं नाही. त्याच २०२० मध्ये अत्यवस्थ अशा ९८७ कोरोनारुग्णांचं रक्त तपासलं गेलं. त्यातल्या १०१ जणांमध्ये स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं निघाली. याचं काय करायचं ते प्रतिपिंडवाल्यांनी ठरवावं.

आताची मुलं तयार किट फोडतात. अंडं दिव्यासमोर धरून आतला जीव ओळखणं, पडदा न फाटता सोलणं, हे हात गेले. बदकंही गेली. गेल्या पावसाळ्यात पेण ते रोहा हिंडलो, तर दोन घरी दिसली. तुमच्याकडे असतील तर एवढं करा: पुढच्या मानमोडीत किती कोंबड्या गेल्या आणि किती बदकं, ते वहीत तारीखवार लिहून ठेवा.