मुक्काम पोस्ट : पृष्ठभाग

२०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोरोनाच्या लाटेत, महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांमधून रात्रभर एकच आवाज येत असे. थोडा वेळ घरघर, मग फुस्स. पुन्हा घरघर, पुन्हा फुस्स. पलंगाशेजारच्या त्या चाकांवरच्या यंत्रावर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर, घरातल्या माणसाचा श्वास अवलंबून होता. त्या आवाजाच्या लयीत अनेकांनी आठवडे काढले. त्या यंत्रात ऑक्सिजनचा साठा नसतो आणि ऑक्सिजन तयारही होत नाही. खोलीतली हवाच आत ओढली जाते, तिच्यातला नायट्रोजन अडवला जातो आणि उरलेला वायू नळीतून रुग्णापर्यंत पोचतो.

नायट्रोजन अडवायचं काम करतात झिओलाइटचे बारीक पांढुरके मणी. प्रत्येक मण्यात रेणूच्या मापाची असंख्य दालनं असतात आणि त्यांच्या भिंतींवर लिथियम किंवा सोडियमचे धनभारित आयन बसलेले असतात. नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोघांचेही रेणू एकूण उदासीनच. पण नायट्रोजनच्या रेणूत विद्युतभाराची वाटणी अधिक विषम असते. त्यामुळे आयन त्याला जरा जास्त ओढून धरतात. दाब वाढवला की नायट्रोजन भिंतींना चिकटतो, दाब उतरवला की सुटतो. ते सुटणं म्हणजेच तो ‘फुस्स’. यंत्रात असे दोन स्तंभ असतात. एक नायट्रोजन धरत असतो तेव्हा दुसरा सोडत असतो. हवेतला एक टक्का आर्गॉन मात्र ऑक्सिजनच्या सोबतीनेच बाहेर पडतो, म्हणून या यंत्रातून शंभर टक्के शुद्ध ऑक्सिजन कधी मिळत नाही. दाबाच्या या चढउताराची युक्ती अमेरिकेतल्या एसो कंपनीच्या चार्ल्स स्कारस्ट्रॉम यांची. त्यांना तिचं पेटंट १९६० साली मिळालं.

रेणूंच्या या चिकटण्याला रसायनशास्त्रात अधिशोषण म्हणतात. शोषण वेगळं. चहात बुडवलेल्या खारीत चहा आतपर्यंत मुरतो, ते शोषण. अधिशोषणात पाहुणा ओसरीवरच थांबतो, घरात शिरत नाही. ओसरीवर तरी त्याला जागा का मिळते? पदार्थाच्या पोटातल्या अणूला चहूबाजूंनी शेजारी असतात. पृष्ठभागावरच्या अणूची एक बाजू उघडी पडलेली असते, आणि जवळ आलेल्या रेणूला तो त्या बाजूने धरू पाहतो. ही पकड कधी सैल असते, थोड्या उष्णतेने सुटणारी. कधी तिथे खरा रासायनिक बंध जुळतो आणि मग सुटका सोपी राहत नाही.

कॉन्सन्ट्रेटरमधला झिओलाइट कारखान्यात घडवलेला असतो, पण त्याची निसर्गातली भावंडं महाराष्ट्राच्या पायाखालीच आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या कातळात तशाच राहिल्या आणि पुढे झिरपणाऱ्या गरम पाण्याने त्यांत स्फटिक वाढवले. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतल्या दगडखाणींतून निघणारे स्टिल्बाइट आणि ह्युलँडाइट जगभरच्या संग्रहालयांत मानाने मांडलेले आहेत. सिन्नरचं ‘गारगोटी’ संग्रहालय ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी एकदा वाट वाकडी करून पाहावंच. या खनिजगटाला नाव दिलं ते स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी, १७५६ मध्ये. ज्योतीत धरलेल्या स्फटिकातलं पाणी वाफ होऊन उसळलं, म्हणून ग्रीक शब्द जोडून त्यांनी त्याला ‘उकळणारा दगड’ म्हटलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी यांच्या गटाने ‘एन्सिलाइट’ ही झिओलाइट उत्प्रेरकांची, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रियेला वेग देणाऱ्या पदार्थांची, मालिका घडवली आणि ती देशी पेट्रोरसायन उद्योगात वापरलीही गेली, याचा अभिमान वाटायला हवा.

या चिकटण्याचं गणित पहिल्यांदा नीट मांडलं गेलं विजेच्या दिव्यामुळे. अमेरिकेत स्कनेक्टडीच्या जनरल इलेक्ट्रिक प्रयोगशाळेत १९०९ साली अर्व्हिंग लँगम्यूर रुजू झाले आणि बल्बमधली तापलेली टंग्स्टनची तार आणि तिच्याभोवतीचे वायू यांच्या मागे लागले. ऑक्सिजन तारेवर एकाच अणूच्या जाडीचा थर करून बसतो आणि तार लालभडक झाली तरी हटत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांचं चित्र एस.टी.च्या गाडीसारखं आहे. बाकांची संख्या ठरलेली, एका जागेवर एकच प्रवासी, काही चढताहेत तर काही उतरताहेत. फलाटावर गर्दी थोडी असताना प्रत्येक नव्या प्रवाशाला जागा मिळते. गाडी भरत आली की फलाटावर कितीही माणसं वाढली तरी आतले प्रवासी फारसे वाढत नाहीत. वायूचा दाब आणि भरलेल्या जागा यांचं हे नातं आजही लँगम्यूर यांच्याच नावाने शिकवलं जातं. १९३२चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

गाडीत उभे प्रवासीही असतातच. एका थरावर दुसरा, त्यावर तिसरा, असा हिशोब ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर या तिघांनी १९३८ मध्ये जमवला, आणि त्यातून पृष्ठभागाची मोजणी करायची पद्धत हाती आली. उणे १९६ अंश तापमानाला नायट्रोजनचे किती रेणू चिकटले ते मोजायचं आणि त्यावरून क्षेत्रफळ काढायचं. नायट्रोजन इथे मोजणीदाराची साखळी झाला. या मोजणीत चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये हजारेक चौरस मीटर भरतात. म्हणजे चिमूटभर काळ्या भुकटीत जवळजवळ दहा गुंठे जमीन!

हा कोळसा उत्तम होतो तो नारळाच्या करवंटीचा. कोकणात बंबाखाली जळणारी करवंटी हवाबंद भाजून मग तप्त वाफेने पोखरली की तिच्यात अतिसूक्ष्म छिद्रांचं जाळं तयार होतं. घरातल्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रात क्लोरीन आणि वास काढून टाकतो तो हाच.

कोळशाने जीव वाचवले ते मात्र रणांगणावर. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन सैन्याने क्लोरीन सोडला. पुढे मुखवट्यांत कोळसा आला; रशियात झेलिन्स्की यांनी तसा मुखवटा बनवला, आणि अमेरिकेत नागरिकांकडून पीचच्या बिया आणि कठीण कवचाच्या फळांची टरफलं गोळा केली गेली. ईप्रच्या हल्ल्यावर देखरेख करणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव होतं फ्रिट्झ हाबर. याच माणसाने काही वर्षांपूर्वी हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवून जगाच्या भाकरीची सोय केली होती. हे दोन हाबर एकत्र आठवताना मन आजही अस्वस्थ होतं.

अमोनियाची ती किमयाही पृष्ठभागाचीच. नायट्रोजनच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. हाबर यांनी १९०९ मध्ये ऑस्मियम हा धातू उत्प्रेरक म्हणून वापरून अमोनिया मिळवला, पण ऑस्मियम फार दुर्मीळ. बीएएसएफ कंपनीत आल्विन मिटाश यांनी हजारो चाचण्या घेतल्या आणि स्वीडनच्या एका लोहखनिजाने त्यांना वाट दाखवली. १९१३ मध्ये ओपाऊचा कारखाना सुरू झाला. लोखंडावर नेमकं काय घडतं, हे मात्र कोणालाच खात्रीने सांगता येत नव्हतं.

ते उलगडलं रसायनशास्त्रज्ञ गेरहार्ट एर्टल यांनी. अतिनिर्वात पात्रात लोखंडाचा स्वच्छ स्फटिक ठेवून त्यांनी दाखवलं, की नायट्रोजनचा रेणू आधी लोखंडावर फुटतो आणि मग त्याचे अणू एकेक करून हायड्रोजन उचलतात. अवघड असते ती पहिलीच पायरी. लोखंडावर आदळणाऱ्या दहा लाख रेणूंत एखादाच फुटतो. थोडं पोटॅशियम मिसळलं की हे प्रमाण वाढतं. १० ऑक्टोबर २००७ रोजी, त्यांच्या ७१व्या वाढदिवशी, त्यांना नोबेल जाहीर झालं. अलिबागजवळच्या थळच्या खतकारखान्यातला अमोनियाही याच वाटेने तयार होतो; शेतात पडणारा युरिया त्याच अमोनियाचा.

लोखंडच का? फ्रान्सचे पॉल साबातिये यांनी सांगितलेलं तत्त्व इथे लागू पडतं : उत्प्रेरकाने रेणूला धरलं पाहिजे, पण फार घट्ट नाही. सैल धरलं तर बंध तुटत नाही. घट्ट धरलं तर तयार झालेला माल जागा सोडत नाही आणि पुढचं काम थांबतं. मोटारीच्या धुराड्यातल्या प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाचं पेट्रोलमधल्या शिशाने नेमकं हेच केलं असतं. म्हणून १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या गाड्यांना उत्प्रेरक बसवायची सक्ती झाली, तेव्हा त्यांच्यासाठी शिसेविरहित पेट्रोलही सोबतच आणावं लागलं. झिओलाइटचा असा वैरी म्हणजे पाणी. नायट्रोजनपेक्षा ते कितीतरी घट्ट बसतं, आणि नुसता दाब उतरवून हलत नाही. माळ्यावर पडून राहिलेला कॉन्सन्ट्रेटर दमट हवेत बिघडतो तो यामुळेच.

पाण्याच्या याच ओढीचा उपयोग रसायनशास्त्रज्ञ ओमार याघी यांनी केला. अम्मानमध्ये निर्वासित कुटुंबात ते वाढले, तिथे नळाचं पाणी रोज येत नसे. धातूचे अणू आणि सेंद्रिय दुवे जोडून त्यांनी सच्छिद्र सांगाडे रचले; या प्रकारच्या काही सांगाड्यांच्या एका ग्रॅममध्ये सात हजार चौरस मीटरच्या घरात पृष्ठभाग भरतो, म्हणजे पावणेदोन एकर. या क्षेत्रातल्या कामासाठी २०२५चं नोबेल त्यांना सुसुमू कितागावा आणि रिचर्ड रॉबसन यांच्यासोबत मिळालं. २०१६च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जाताना ज्यांनी पाहिलं, त्यांना याघींच्या ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या प्रयोगाचं मोल वेगळं सांगायला नको. त्यातून मिळालेलं पाणी अगदी थोडं होतं, शहराची तहान भागवण्याइतकं मुळीच नव्हतं. पण त्या कोरड्या रात्रीच्या हवेतली वाफ पेटीतल्या सांगाड्यांच्या भुकटीने धरून ठेवली, ऊन चढल्यावर सोडली, आणि पेटीच्या आतल्या भिंतीवरून थेंब ओघळू लागले.