खर्ज शर्मनचा, श्रेय लेव्हीचं

रेकॉर्डवर सुई टेकली की वाद्यं लगेच सुरू होत नाहीत. आधी येतो एकट्या शर्मन गार्न्सचा खर्ज: अर्थ नसलेली अक्षरं, पण ठेका घट्ट. त्यावर साथीदारांचे आवाज चढतात आणि मग फ्रँकी लायमन नावाचा तेरा वर्षांचा मुलगा अशा उंच, स्वच्छ सुरात गाऊ लागतो, की आजही ऐकताना हातातलं काम थांबतं. जानेवारी १९५६मध्ये आलेलं हे 'व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह'. गाणारी पाच शाळकरी मुलं म्हणजे 'द टीनएजर्स'. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्स भागातल्या या पाचांत तिघं कृष्णवर्णीय, तर हर्मन सांतियागो आणि जो नेग्रोनी पोर्तो रिकन घरांतले.

या गायकीला 'डू-वॉप' हे नाव पुढे चिकटलं. तेव्हा ते रिदम अँड ब्लूजच होतं. वाद्यं घ्यायला पैसे नसत, म्हणून ती गळ्यानंच वाजवायची. खर्जातला गडी डबल बासचं काम करी, मधले दोघं-तिघं सॅक्सोफोन-ट्रम्पेटचं. चार कॉर्ड्सचं एकच चक्र शेकडो गाण्यांना पुरलं. तालमीला इमारतीचे जिने, सबवेची स्टेशनं, जिथे आवाज घुमेल ती जागा. त्या निरर्थक अक्षरांना पोरकटपणा म्हणणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. ती अक्षरं हाच त्यांचा वाद्यवृंद होता.

गाण्याचा उगम असा सांगतात: मुलं जिथे तालीम करत, तिथल्या एका रहिवाशानं आपल्या मैत्रिणीची प्रेमपत्रं त्यांना दिली आणि त्यातल्या मजकुरावरून गाणं उभं राहिलं. 'द व्हॅलेंटाइन्स'चा गायक रिचर्ड बॅरेट यानं त्यांना ऐकलं आणि निर्माता जॉर्ज गोल्डनरकडे नेलं. मुख्य आवाज सांतियागोचा असायचा, तो लायमनकडे गेला. गाणं अमेरिकेत रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिलं आलं, ब्रिटनमध्येही पहिलं.

कॉपीराइटच्या कागदावर मात्र नावं लागली लायमन आणि गोल्डनर यांची. गोल्डनरला जुगाराचा नाद. त्यानं आपल्या कंपन्या रेकॉर्ड-व्यवसायातल्या मॉरिस लेव्हीला विकल्या आणि पुढे गीतकार म्हणून गोल्डनरच्या जागी लेव्हीचंच नाव आलं. असे सह-गीतकार त्या धंद्यात पैशाला पासरी होते. जिन्यात उभं राहून पाच जणांनी जुळवलेल्या गाण्याला कागद कुठून असणार? ज्याच्या हाती कागद, त्याचं गाणं.

लायमनला १९५७मध्ये गटातून काढून एकटं उभं केलं गेलं. वयानुसार आवाज फुटला, तशी मागणीही सरली. फेब्रुवारी १९६८मध्ये, पंचविसाव्या वर्षी, हार्लेममध्ये आजीच्या घरी हेरॉइननं त्याचा जीव घेतला. डायना रॉसनं १९८१मध्ये तेच गाणं गाऊन गाजवलं आणि रॉयल्टीसाठी लायमनची बायको असल्याचा दावा करणाऱ्या तिघी कोर्टात उभ्या राहिल्या.

सांतियागो आणि गटातलाच जिमी मर्चंट यांनी १९८७मध्ये स्वतंत्र दावा लावला. तोवर गार्न्स आणि नेग्रोनी दोघंही वारले होते. १९९२मध्ये ज्यूरीनं मान्य केलं, की सांतियागो आणि मर्चंट हे लायमनसह गाण्याचे रचनाकार आहेत. छत्तीस वर्षांनी मिळालेला हा न्याय चारच वर्षं टिकला. १९९६मध्ये अपील न्यायालयानं दावा मुदतबाह्य ठरवला: कायद्यानं तीन वर्षांची मुदत दिली होती आणि ती केव्हाच उलटून गेली होती. गाणं त्यांनी लिहिलंच नाही, असं न्यायालय म्हणालं नाही. पण श्रेयाच्या ओळीत लायमनशेजारी नाव राहिलं ते लेव्हीचं.